गयाबाईंना हवा असलेला रिपोर्ट

लहान मुलांच्या आयसीयूत रडणाऱ्या लेकराची आम्हाला फारशी काळजी नसते. सुई टोचताना जे बेंबीच्या देठापासून ओरडतं, लाथा झाडतं, सिस्टरच्या हाताला चावायला बघतं, ते बहुतेक घरी जाणार हे आम्ही धरूनच चालतो. काळजी असते गप्प पडलेल्याची. सुई टोचली तरी जे भुवईसुद्धा हलवत नाही, त्याच्या पलंगाजवळून आम्ही हलत नसू. नवीन आलेल्या आईबापांना हे समजावून सांगण्यात माझी निम्मी नोकरी गेली. ते बिचारे म्हणायचे, "सिस्टर, त्या बोंबलनाऱ्या पोराकडं बघा की आधी, आमचं तर शांत झोपलंय."

बीडमधल्या एका दवाखान्यात मी या वॉर्डची इनचार्ज होते. आता निवृत्त झाले आहे, म्हणजे आता घरच्यांची इनचार्ज आहे. लेकरांबरोबर येणाऱ्या माणसांचे एकेक नमुने सांगायला बसले तर हा अख्खा दिवाळी अंक मलाच लागेल. एकानं व्हेंटिलेटरला लिंबू-मिरची बांधली होती. मी ती सोडायला लावली नाही, नळीला धक्का लागणार नाही एवढं फक्त बघितलं. एकदा एक पुढारी आपल्या आजारी भाचीला भेटायला सगळा गोतावळा घेऊन आत घुसायला निघाला. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, सगळ्यांना घेते, पण अंगठ्या, कडी, घड्याळं काढून कोपरापर्यंत साबणानं हात धुवायचे." अंगठ्या निघेनात, तशी माणसं एकेक करून चहाच्या टपरीकडं सरकली. पुढारी मात्र सगळं काढून, हात धुऊन एकटा आत आला आणि भाचीच्या पायाला हात लावून ढसाढसा रडला. त्याला मत मी कधी दिलं नाही, पण चहा प्रत्येक वेळी दिला.

पण मला सांगायचं आहे ते गयाबाईंबद्दल. इतकी भांडखोर बाई माझ्या वॉर्डात दुसरी आली नाही, आणि मी स्वतः काही कमी नाही.

गयाबाई तलवाड्याच्या पलीकडच्या एका वस्तीवरच्या. मुलगा बाळू आणि सून मनीषा दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. मनीषा म्हणजे गयाबाईंच्या सख्ख्या भावाची मुलगी. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची आमच्याकडं रीतच आहे. घरची पोरगी घरात राहते म्हणून सगळे खूश असतात. त्यामुळं सून सासूला 'आत्या' म्हणायची, आणि सासू सुनेला भाची म्हणून हक्कानं दुप्पट बोलायची. नुकती बसायला शिकलेली ईश्वरी ही बाळू-मनीषाची मुलगी. आईबाप फडात ऊस तोडायचे आणि पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, गयाबाई नातीला सांभाळायच्या.

तिथंच लेकरू उलट्या करायला लागलं. डोळे पिवळे पडले, पोट फुगलं, मग ग्लानी आली. बाळू फडावरच राहिला आणि या दोघी लेकराला घेऊन आमच्याकडं आल्या, तेव्हा ईश्वरीच्या रक्तातली साखर अगदी तळाला गेली होती. सलाईनमधून ग्लुकोज दिल्यावर तिनं डोळे उघडले.

गयाबाई दारातच म्हणाल्या, "ह्याच्या आधीचं पोरगं बी असंच गेलं, सिस्टर. ह्याच वयाचं. हिच्या दुधातच इख हाय."

मनीषा शेजारीच उभी होती. तिनं मान वर केली नाही. तिच्याकडं बघून कळलं, की हे वाक्य तिनं पहिल्यांदा ऐकलेलं नव्हतं. वस्तीवर तर तिच्या हातात कुणी तान्हं लेकरूही देत नव्हतं.

पुढचे दिवस विचित्र गेले. ईश्वरी सुधारायची, आणि सुधारली की पुन्हा बिघडायची. तिनं जरा डोळे उघडले, हसली, की गयाबाई पदराच्या गाठीतली साखर काढून सगळ्या वॉर्डाचं तोंड गोड करायच्या. सिस्टरांचं, झाडूवाल्या मावशींचं, शेजारच्या पलंगावरच्या नातेवाइकांचं. मला मधुमेह, तरी मी चिमूटभर खायचे. चांगल्या बातमीला नाही कसं म्हणायचं? शेवटी गयाबाई ओल्या बोटाला साखर लावून नातीच्या जिभेवर ठेवायच्या. आज्या हे करतातच, त्यांना कोण अडवणार?

आमचे मोठे डॉक्टर हुशार आणि कमालीचे शांत. त्यांनी विचार केला, की काही लेकरांना जन्मतःच दुधातली साखर पचत नाही, तसं काही असेल. खात्री होईपर्यंत आईचं दूध बंद केलेलं बरं. म्हणून दूध बंद झालं आणि डब्यातली, दूध नसलेली पावडर सुरू झाली.

झालं! गयाबाईंनी ती बातमी लिफ्टवाल्यापासून मेडिकलवाल्यापर्यंत पोचवली. "बघा, आता तर डॉक्टर बी म्हनतेत, दूधच वाईट हाय. म्या काय येडी व्हते का?"

मनीषा बाथरूमच्या दाराशी बसून होती. दूध येऊन पोलकं भिजलेलं, आणि रडू आवरत नव्हतं. मी तिला वाटी दिली आणि दर थोड्या वेळानं दूध काढत राहायला सांगितलं.

"आन् काढून काय करू?"

"सध्या टाकून दे."

"टाकायचं तर काढायचं कावून, सिस्टर?"

"घरची म्हैस अशी आटू देशील का?"

"न्हाई."

"मग?"

ती रडता रडता हसली. पण काढत राहिली, हे महत्त्वाचं. डॉक्टरांनी बंद सांगितलेली गोष्ट उद्या चालू सांगितली तर दूध असायला हवं, एवढंच माझं म्हणणं. आईचं दूध ही एकच गोष्ट मेडिकलमधून आणता येत नाही.

पावडरवर ईश्वरी आणखीच खालावली. लिव्हर साथ सोडायला लागलं. मोठ्या शहरात पाठवून लिव्हर बदलावं लागेल, आईच्या लिव्हरचा तुकडा घ्यावा लागेल, असं बोलणं सुरू झालं. मनीषा लगेच म्हणाली, "घ्या." गयाबाई म्हणाल्या, "हिचं नगं. जिचं दूध असं, तिचं लिव्हर कसं असंल?" तेव्हा मी त्यांना बाहेर काढलं होतं, हे कबूल करते, आणि आजही काढलं असतं.

त्या वेळी डॉक्टरांनी जनुकांच्या तातडीच्या चाचणीचा विषय काढला. ती चाचणी म्हणजे काय, हे मी त्यांच्याकडून समजून घेतलं आणि मग माझ्या भाषेत शेकडो आयांना सांगितलं. आपलं शरीर कसं चालवायचं याच्या सूचना रक्ताच्या प्रत्येक थेंबात लिहिलेल्या असतात. प्रत्येक सूचनेच्या दोन प्रती, एक आईकडून, एक बापाकडून. एक प्रत चुकीची असली तरी दुसरीवर भागतं आणि माणूस धडधाकट राहतो, त्याला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. दोन्ही प्रतींत तीच चूक आली तर मात्र ते काम शरीराला जमत नाही. ही चाचणी सगळ्या सूचना वाचून चूक शोधते. नेहमीच्या पद्धतीनं रिपोर्ट यायला एवढा वेळ लागतो, की आमच्या वॉर्डातलं लेकरू तोपर्यंत थांबत नाही. तातडीची चाचणी काही दिवसांत सांगते, आणि तो वेळ वाचवण्याचेच पैसे जास्त. आईबापाचंही रक्त सोबत घेतात, म्हणजे चूक कुठून आली ते पटकन ताडता येतं.

किंमत ऐकून फडावरच्या बाळूनं ती फोनवर पुन्हा एकदा सांगायला लावली. मग त्यानं विचारलं, "ह्यानं लेकरू बरं व्हतंय का?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "ही चाचणी आहे, औषध नाही. त्यातून काही सापडेल याचीही मी हमी देत नाही. सापडलं तरी त्याला इलाज असेलच असं नाही. पण आत्ता आपण अंदाजानं चाललोय, आणि अंदाजाचाही रोज खर्च होतोच आहे. उद्या लिव्हर काढून बसवलं आणि दोष दुसरीकडंच निघाला तर?"

त्यांचं म्हणणं किती खरं होतं ते मला माहीत होतं. त्याच्या आधी सिरसाळ्याकडचा एक मुलगा आमच्याकडं होता. त्याची हीच चाचणी केली. आजाराचं लांबलचक नाव कळलं, इलाज मात्र जगात कुठंच नव्हता. मला तेव्हा फार राग आला होता, एवढा पैसा घालून काय मिळालं म्हणून. पण त्याचा बाप शांतपणे म्हणाला, "आता फिरनं तरी थांबलं, सिस्टर. लेकराला मांडीवर घेऊन बसतो." त्यानं तसंच केलं. आणि त्याच्याही आधीची लेकरं, ज्यांच्या कागदावर आम्ही नुसतं 'कारण समजले नाही' असं लिहून दिलं, ती तर मोजतही नाही.

बाळू अजून विचारच करत होता. मनीषा बोलायला घाबरत होती. आणि अचानक गयाबाईच पुढं झाल्या. "करा."

डॉक्टरांनी फोन बाजूला धरला.

"ह्यात कुनाचा दोष हाय ते निघतंय न्हवं?"

"निघू शकतं," डॉक्टर सावधपणे म्हणाले.

"मंग करा. म्या तोंडानं सांगते तर ही रडती, तुमच्या ह्या सिस्टर माझ्यावर वरडतेत. एकदा कागदावर येऊ द्या."

काही मदत आजारी मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं केली आणि उरलेल्यासाठी गयाबाईंनी आपल्या शेळ्या विकल्या. सुनेचा दोष लेखी मिळावा म्हणून शेळ्या विकणारी सासू मी पहिल्यांदाच पाहिली. पण राग धरावा, तर त्यामुळंच चाचणी होत होती. मी गप्प बसले, जे मला सहसा जमत नाही.

बाळू फडावरून थेट दवाखान्यात आला. केसांत पाचटाची कुसळं, हातांवर उसाच्या पातीचे ओरखडे. दिवसभर कोयता चालवणारा गडी, पण सुई बघितल्यावर त्यानं डोळे गच्च मिटले आणि मनीषाचा हात धरला. तिघांचं रक्त बर्फाच्या डब्यात बसून शहरातल्या लॅबकडं रवाना झालं, आणि आम्ही वाट बघत बसलो.

रिपोर्ट आला तेव्हा मी औषधांचं कपाट लावत होते. डॉक्टर आपल्या खोलीतून जवळजवळ पळतच आले. त्यांना चालताना पाहिलं होतं, पळताना कधी पाहिलं नव्हतं.

"सिस्टर, साखर बंद. दूध चालू."

मला वाटलं गडबडीत उलटं बोलले. म्हटलं, "सर, दूध बंद ना?"

"दूध चालू! आईचं दूध! बंद करायचीय ती साखर. साखर, गूळ, मध, फळं, उसाचा रस, सगळं."

मग त्यांनी नीट सांगितलं. सलाईनमधली साखर म्हणजे ग्लुकोज, ती ईश्वरीला चालते. आईच्या दुधातली साखरही चालते. पण घरातल्या साखरेत, गुळात, मधात, फळात आणखी एक साखर असते, ती तिच्या लिव्हरला पेलत नाही; पोटात गेली की विष होते. आईच्या दुधावर ही पोर मजेत वाढत होती. वरचं खाणं सुरू झालं, फडावर गुळाचं पाणी आणि उसाचा रस जिभेला लागला, आणि आजार सुरू झाला. इथं जरा सुधारली, की पुन्हा तोंड गोड व्हायचं. आम्ही पावडरचा डबा फिरवून बारीक अक्षरं वाचली, त्यातही साखरच. कपाटातली सिरपं, लेकरांनी गुपचूप प्यावीत म्हणून गोड केलेली. उसाच्या मुलखात जन्मून नेमकी साखरच न चालणारी पोर! तिच्यापासून लांब ठेवायचं होतं ते आम्ही सगळे मिळून तिला भरवत होतो, आणि जे द्यायचं ते वाटीतून मोरीत जात होतं.

मी मनीषाला हाक मारली. तिला पटेना. "आत्या वरडतील," म्हणाली. मी म्हटलं, "आत्याला मी बघते, तू मांडी घाल." ईश्वरीनं आधी तोंड फिरवलं, बाटलीची सवय झाली होती. पुन्हा लावलं, पुन्हा फिरवलं. मग काय आठवलं कोण जाणे, एकदम दोन्ही हातांनी आईचं पोलकं धरलं आणि अशी तुटून पडली की गुटकन् गुटकन् आवाज शेजारच्या पलंगापर्यंत जात होता. माझ्या तरण्या सिस्टर टाळ्या वाजवायला लागल्या. मी त्यांना रागवायला तोंड उघडलं आणि स्वतःच वाजवायला लागले.

दोन दिवसांत पोरीनं सुई टोचताना असा काही भोंगा लावला, की वॉर्डभर आनंद झाला.

गयाबाई रिपोर्टसाठी तयार होऊनच आल्या होत्या, नवं लुगडं नेसून. डॉक्टरांसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "हां, आता सांगा कुनाचं निघालं."

"दोघांचं, आजी. एक चुकीची प्रत मनीषाकडून आली, एक बाळूकडून."

"बाळूत काय दोष? माझा बाळू टनाटना ऊस खांद्यावर वाहतो."

"मनीषाही तेवढाच वाहते. दोघंही ठणठणीत आहेत, कारण दोघांची दुसरी प्रत चांगली आहे. मनीषा तुमच्या भावाची मुलगी ना? आणि बाळू तुमचा मुलगा. दोघांत अगदी तीच चूक आहे, म्हणजे बहुतेक एकाच घरातून आली असणार."

गयाबाईंच्या डोळ्यांत हिशोब लागताना मला दिसला. "म्हंजी आमच्या माहेरचं?"

"तसं दिसतंय. पण दोष कुणाचाच नाही. ही चूक तुमच्या आज्या-पणज्यांपासून कुणाला कळू न देता चालत आलेली असेल."

मला वाटलं होतं, हे ऐकताना मला मजा येईल. मनातल्या मनात मी तयारीही केली होती. पण गयाबाईंचा चेहरा असा उतरला, की माझीच नजर खाली गेली. पदराची गाठ चाचपत त्या म्हणाल्या, "आन् साखर?"

"हो, साखर."

"म्या चाटवली ती?"

"तुम्ही मायेनं चाटवली, आजी. आम्ही डब्यातून दिली. कुणालाच माहीत नव्हतं."

तेवढ्यात मागून मनीषाचा आवाज आला. ती कधी आत आली कुणाला कळलं नाही. "डॉक्टर, म्हंजी पहिला... त्यो माझ्या दुधानं न्हाई गेला?"

डॉक्टर तिच्याकडं वळले. "त्याचं रक्त आपल्याजवळ नाही, त्यामुळं त्याला हाच आजार होता असं मी छातीठोक सांगू शकत नाही. बहुतेक हाच असावा. पण तुझ्या दुधानं तो गेला नाही, हे नक्की."

मनीषा भिंतीला टेकून खाली बसली आणि रडली. पण ते रडणं बाथरूमच्या दारातलं नव्हतं. मीही रडले, ज्युनिअर सिस्टरांसमोर, आणि मला त्याची लाज वाटली नाही. गयाबाई मात्र उठल्या आणि एक शब्द न बोलता बाहेर गेल्या. सुनेला चांगलं म्हणायला त्यांची जीभ रेटली नाही, याचा मला लई राग आला होता.

ईश्वरी घरी गेली. लिव्हर बदलायचं कामच उरलं नाही, ते आपलं आपण सुधारलं. माझ्या नोकरीतली सगळ्यात महागडी चाचणी, आणि तिच्यातून निघालेला इलाज फुकटचा: अमुक खाऊ नका. भाकरी, दूध, भात, अंडी, मटण खाऊन पोर वाढली. लोक मला विचारतात, एवढी महाग चाचणी गोरगरिबांना काय कामाची? मी त्यांना ईश्वरीचं सांगते, आणि सिरसाळ्याकडच्या मुलाचंही सांगते, कारण एकीचं सांगून दुसऱ्याचं लपवलं तर ते खोटं होईल. गरज असलेल्या प्रत्येक लेकराला ती मिळत नाही, हे मला आजही खुपतं.

गेल्या पावसाळ्यात त्याच वस्तीवरच्या शाळेत दातांच्या तपासणीचं शिबिर होतं. रिकामी आहे म्हणून मीही मदतीला गेले. पोरांना आ करायला लावायचं काम मला दिलं होतं. बहुतेकांचे दात काळेभोर. ऊस, गूळ, गोळ्या-चॉकलेटं. मग पहिलीतली एक सडपातळ पोर समोर आली, आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बॅटरी पुन्हा पुन्हा फिरवली. "सिस्टर, बघा हो! एकसुद्धा कीड नाही. काय गं, रोज दोनदा ब्रश करतेस ना?"

"कवा कवा," पोर खरं बोलली.

नाव विचारलं तर ईश्वरी. मला एवढा आनंद झाला, की रांग सोडून मी तिचा मुकाच घेतला. ती मला ओळखणं शक्यच नव्हतं. तिनं गाल पुसून टाकला. त्या रिपोर्टनंतर साखर कधी जिभेला लागलीच नाही, तर कीड लागणार कशाला!

गुरुजींनी सगळ्यांत चांगल्या दातांचं पहिलं बक्षीस जाहीर केलं, ईश्वरीला ओट्यावर बोलावलं, आणि टाळ्यांच्या गजरात तिच्या हातात काय दिलं असेल? पेढ्यांचा बॉक्स. मी ओरडणार तेवढ्यात पोरीनं तो बॉक्स गुरुजींच्याच हातात परत दिला. "मला चालत न्हाई, गुर्जी. तुमी खावा."

सगळे हसले. एक बाई मागून म्हणाली, "पन दात कसे आलेत बघा बया, मोत्यावानी!"

तशी गर्दीतून गयाबाई उठल्या. केस पांढरे झालेले, पण आवाज तोच, लिफ्टपासून मेडिकलपर्यंत जाणारा. मनीषा त्यांच्या शेजारी बसली होती. तिचा दंड धरून त्यांनी तिलाही उभं केलं.

"ऐका गं साऱ्याजनी," त्या म्हणाल्या. "हिच्या दुधात इख हाय म्हनून म्या दारोदार सांगितलं व्हतं. तुमी बी ऐकलं, आन् हिच्या हातात लेकरं देयाची बंद केली. ते खोटं व्हतं. इख माझ्या बोटाला व्हतं, साखरंचं. ह्या पोरीला हिच्या दुधानं वाचवलं." मग ओट्याकडं बघून ओरडल्या, "ये इस्वरे, दाव गं तुझ्या आईच्या दुधाचे दात!"

मनीषानं पदरात तोंड लपवलं. आणि ईश्वरीनं, सगळ्या वस्तीला दिसेल एवढा मोठा, आ केला.